घरचा आहेर

मंगलकार्यांत घरच्या माणसांनीं केलेल्या आहेराचें अप्रूप असतें. परंतु व्यवहारांत हाच शब्द आपण वेगळ्या अर्थानें योजतों. आपल्याच माणसानें चारचौघांत कानउघाडणी केली, म्हणजे ‘घरचा आहेर मिळाला’ असें आपण म्हणतों. अमेरिकेंतील अलास्का राज्याचे गव्हर्नर फ्रँक मर्कोव्स्की यांना असा आहेर २२ ऑगस्ट २००६ या दिवशीं मिळाला, आणि तोहि मतपेटींतून. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम दोन शब्द त्या पदाविषयीं. आपल्याकडील राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपति करतात. अमेरिकेंतील घटकराज्याचा गव्हर्नर मात्र लोकांनीं निवडलेला असतो, आणि त्याचे अधिकार आपल्या मुख्यमंत्र्याच्या अधिकारांशीं अधिक जुळतात. दुसरा भेद याहून महत्त्वाचा. आपल्याकडे कोणास उभें करावयाचें हें पक्षाचे वरिष्ठ ठरवितात. तिकीट मिळालें कीं नाहीं, हें उमेदवाराला वरून कळतें. अमेरिकेंत तो निर्णय बहुधा मतदार देतात. मुख्य निवडणुकीच्या आधीं प्रत्येक पक्षाची एक प्राथमिक निवडणूक होते, आणि तींत जो जिंकेल तोच पक्षाचा उमेदवार. बंद दाराआड पुढाऱ्यांनीं माणसें ठरवावीं, याचा लोकांना वीट आला, तेव्हां विस्कॉन्सिन राज्यानें रॉबर्ट ला फॉलेट यांच्या प्रयत्नानें १९०४ सालीं ही पद्धति जनमतानें स्वीकारली. पुढें ती इतरत्र पसरली. अधिकारावर असलेला गव्हर्नरहि या परीक्षेंतून सुटत नाहीं.

मर्कोव्स्की हे कांहीं नवखे गृहस्थ नव्हते. १९८१ पासून जवळजवळ बावीस वर्षें ते वॉशिंग्टनच्या सिनेटांत अलास्काचे प्रतिनिधि होते. २००२ च्या नोव्हेंबरांत ते रिपब्लिकन पक्षातर्फे गव्हर्नर निवडून आले. सिनेटांतील त्यांच्या मुदतीचीं दोन वर्षें अजून शिल्लक होतीं, आणि रिकामी झालेली ती जागा भरण्याचा अधिकार गव्हर्नराचा, म्हणजे आतां त्यांचाच होता. अनेक नांवांचा विचार झाला. त्यांत वसिला या लहानशा गांवच्या माजी नगराध्यक्षा सेरा पेलिन यांचेंहि नांव होतें. डिसेंबरांत निवड जाहीर झाली, ती गव्हर्नरांची कन्या लिसा मर्कोव्स्की यांची.

लिसा वकील होत्या. राज्याच्या प्रतिनिधिगृहांत लोकांनीं त्यांना निवडून दिलें होतें. त्यांच्या अंगीं योग्यता नव्हती, असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु प्रश्न योग्यतेचा नव्हताच. लोकांनीं ठेव म्हणून सोपविलेल्या वस्तूनें बापानें लेकीची ओटी भरली, हें दृश्य लोकांच्या डोळ्यांपुढून हललें नाहीं. २००४ च्या नोव्हेंबरांत मतदारांनीं एकाच दिवशीं दोन निर्णय दिले. सिनेटची जागा रिकामी झाल्यास ती निवडणुकीनें भरावी, असा कायदा त्यांनीं मंजूर केला. आणि थोड्या मताधिक्यानें कां होईना, लिसा यांना निवडूनहि दिलें. मुलीला क्षमा मिळाली. वडिलांची पाळी अजून यावयाची होती.

दरम्यान आणखी दोन गोष्टी घडल्या. वृद्धांना राज्याकडून दरमहा जास्तींत जास्त २५० डॉलर मिळत असत. काटकसरीच्या नांवाखालीं २००३ सालीं ती योजना गव्हर्नरांनीं बंद केली. पुढें त्यांनीं जेट विमानाचा आग्रह धरला. अलास्काची राजधानी जूनो ही रस्त्यानें बाहेरच्या जगाशीं जोडलेली नाहीं. विमान किंवा बोट एवढाच मार्ग. तेव्हां विमानाची मागणी अगदींच अवाजवी होती, असें नव्हे. पण विधिमंडळानें पैसा नाकारला, केंद्र सरकारनेंहि सुरक्षा निधींतून तो दिला नाहीं, आणि तरीहि २००५ सालीं सुमारें २७ लाख डॉलरांचें विमान आलें. ज्या आजीबाईचे अडीचशें डॉलर बंद झाले होते, तिला हा हिशेब समजावून सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती.

आतां पेलिन यांच्याकडे वळूं. मर्कोव्स्की यांनींच त्यांना तेल व वायु मंडळाच्या अध्यक्षपदीं नेमलें होतें. त्याच मंडळाचे एक सभासद पक्षाचे प्रांतिक अध्यक्षहि होते. त्यांच्या वर्तनाविषयीं पेलिन यांनीं तक्रार केली, आणि २००४ च्या जानेवारींत राजीनामा दिला. त्या गृहस्थांना पुढें दंड भरावा लागला. सत्ताधारी पक्षांत राहून पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध उभी राहिलेली स्त्री, ही ओळख पेलिन यांना कोणत्याहि जाहिरातीपेक्षां उपयोगी पडली. २००६ च्या प्राथमिक निवडणुकींत त्यांना सुमारें ५१ टक्के मतें मिळालीं, जॉन बिंकली यांना ३०, आणि विद्यमान गव्हर्नरांना अवघीं १९. स्वपक्षाच्या मतपत्रिकेवर पांचांतील चौघांनीं त्यांना नाकारलें. विरोधी पक्षाशीं गांठ पडण्याची वेळच आली नाहीं.

गोष्ट येथें संपली असती, तर ती एक सुबक बोधकथा झाली असती. तशी ती संपली नाहीं. पेलिन नोव्हेंबरांत जिंकून अलास्काच्या पहिल्या स्त्री गव्हर्नर झाल्या. तें विमान २००७ सालीं २१ लाखांना विकलें गेलें. परंतु २००८ सालीं उपाध्यक्षपदाची निवडणूक हरल्यावर, २००९ च्या जुलैंत, मुदत पुरी होण्यापूर्वींच त्यांनीं पद सोडलें. २०१० सालीं त्यांच्याच पाठिंब्यानें जो मिलर यांनीं लिसा यांचा प्राथमिक निवडणुकींत सुमारें दोन हजार मतांनीं पराभव केला. लिसा यांनीं हार मानली नाहीं. मतपत्रिकेवर नांव छापलेलें नसतांना, मतदारांनीं आपलें नांव हातानें लिहावें, असें आवाहन त्यांनीं केलें. ‘मर्कोव्स्की’ हें अवघड आडनांव हजारों लोकांनीं लिहिलें, आणि त्या निवडून आल्या. वडिलांनीं दिलेली जागा मुलीनें अशा रीतीनें स्वतः मिळविली. २०२० सालीं मतदारांनीं पक्षवार प्राथमिक निवडणूकच रद्द केली, आणि सर्व उमेदवारांची एकच प्राथमिक फेरी ठेवली.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. प्राथमिक निवडणूक हा कांहीं शहाणपणाचा अखंड झरा नव्हे. तेथें जे मतदार येतात, तितकाच तिचा शहाणपणा. मोजक्या उत्साही मंडळींच्या हातीं ती गेली, कीं सर्व लोकांचा कौल निराळा पडूं शकतो, हें २०१० सालीं दिसलें. पण २००६ सालीं तिनें जें केलें, तें दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें झालें नसतें. पक्षावर निष्ठा असलेल्या माणसाला, पक्ष न सोडतां, आपल्या पुढाऱ्याला ‘पुरे’ असें म्हणतां आलें. जेथें हा मार्ग नाहीं, तेथें त्यानें एकतर गप्प बसावें किंवा विरोधकाला मत द्यावें, आणि दोन्ही गोष्टी त्याच्या मनाला सारख्याच जड जातात. आपल्याकडे कित्येक निष्ठावंत आयुष्यभर याच पेचांत राहतात. त्यांना बोलण्यासाठीं एखादी खिडकी असावी कीं नाहीं, आणि असल्यास ती कशी असावी, याचा विचार आपण केला पाहिजे.