बोल्ट हलत नाही तेव्हा

घरी इंजिन खोलणाऱ्यांशी आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे: न सुटणारा बोल्ट.

उदाहरण यामाहा आरएक्स १०० चं घेऊ. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठेही जा, कुणीतरी ती जपून ठेवलेली असतेच. तिची क्रँककेस ॲल्युमिनियमची आणि स्क्रू पोलादी. या दोन धातूंमध्ये ओल शिरली की पांढरी भुकटी धरते आणि आटे जाम होतात.

आता यात धोका काय? इंजिन नंबर क्रँककेसवरच ठोकलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. चार पैशांच्या बोल्टपायी केस फुटली, तर जुनी केस शोधा आणि मग आरटीओचे खेटे घाला. म्हणून जोर लावण्याआधी बोल्ट कशानं अडलाय ते ओळखा.

सुरुवात डोक्यापासून. कव्हरचे जे स्क्रू आपण 'स्टार' म्हणतो, ते जपानी जेआयएस पद्धतीचे असतात. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, वर उसळतो आणि खाच खातो. जेआयएस बिट घ्या. खाचेतली माती टोकदार खिळ्यानं काढा. मग हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. त्यात हातोडीचा घाव पिळात बदलतो आणि बिट खाचेत दाबलेलाही राहतो. उलटे आटे तर नाहीत ना, हे मॅन्युअलमध्ये आधी बघा.

तरी हलला नाही तर पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि रात्रभर थांबा. मध्ये दोन-चार वेळा डोक्यावर हलक्या टिचक्या मारा, म्हणजे तेल आत उतरतं.

त्यानंतर उष्णता. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून बोल्ट नव्हे, त्याच्या भोवतीची केस हीट गननं तापवा. भोक मोठं होतं, पकड सैल होते. पण त्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर काढून लांब ठेवा, तेलाचे बोळे उचला आणि उडवलेलं तेल पुसून घ्या. ऑइल सील जवळ असेल तर ते बदलायची तयारी ठेवा.

आता पाना लावा. सहा कोनी सॉकेट घ्या, बारा कोनी नको. आधी केसभर घट्ट करा, मग सोडा. हलला की एकदम फिरवू नका. पाव फेरा सोडा, थोडा परत घाला, तेल द्या, पुन्हा सोडा. पाना फिरतोय पण डोकं रबरासारखं लवचीक लागतंय? तिथेच थांबा. बोल्ट पिळला जातोय, पुढचा आवाज तुटण्याचा असेल.

आणि तुटलाच तर? टोक बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही आणि मिळालेली उष्णता उलट कामाला येते. आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर सेंटर पंच मारून डाव्या फिरकीचं ड्रिल चालवा. कित्येकदा ड्रिल करतानाच तुकडा बाहेर येतो. इझी-आउट मात्र जपून. ते कडक पोलादाचं असतं. आत मोडलं तर साधं ड्रिल त्याला चावत नाही. हात डळमळत असेल तर केस उचला आणि चांगल्या लेथवाल्याकडे न्या. त्यात कमीपणा नाही.

परत जोडताना आटे साफ करा आणि अँटी-सीझचा पातळ हात द्या. आटे ओशट असतील तर कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क कमी करा, नाहीतर आटे ओढले जातील. आज घेतलेली ही काळजी पुढच्या वेळी इंजिन खोलणाऱ्याच्या उपयोगी पडेल, आणि बहुतेक वेळा तो माणूस तुम्हीच असता.