शेवटची दहा सेकंद

(या भागाचं शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘म्हणजे बघा’ थोडे कमी केलेत.)

आजचा भाग कोडिंगवर नाही, आधीच सांगतो. मागच्या वेळी एकानं विचारलं होतं, ‘दादा, पगाराचं कधी सांगणार?’ तर तेही आज नाही. आज शाळेबद्दल बोलायचंय.

माझी मावशी कराडजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवते. मी सांगलीकडचा, वाळवा तालुक्यातला, नोकरीला पुण्यात. गेल्या वर्षी सुट्टीला गेलो तर मावशी म्हणाली, “अरे, तू मोबाईलमधलं सगळं करतोस ना? मग जरा येऊन पोरांना दाखव. पुस्तकात धडा आहे, पण तो मी फळ्यावर कसा शिकवू?”

धडा कुठला, तर दहावीच्या इतिहासातला. २०१८ साली बालभारतीचं जे पुस्तक आलं त्यात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ आणि ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ असे दोन सलग धडे आहेत. आमच्या वेळी हे नव्हतं. त्यात ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाची गोष्टसुद्धा आहे. त्यांना हिटलरच्या हातच्या रोजनिशा मिळाल्या, त्यांनी त्या छापायला घेतल्या आणि नंतर कळलं की सगळ्या बनावट. एवढा भारी धडा, आणि परीक्षेत येतं काय? रिकाम्या जागा भरा. असो.

दहावीला वेळ नसतो, म्हणून मावशीनं मला नववी दिली. चार शनिवार, सकाळची शाळा, चाळीस पोरं. शाळेत मोबाईल आणायला बंदी, ते बरोबरच आहे. म्हणून माझे दोन फोन, एक जुना आणि एक नवा, आणि शाळेचा प्रोजेक्टर. एवढंच सामान.

पहिल्या शनिवारी फोन काढलाच नाही. जुन्या लग्नपत्रिका नेल्या होत्या, त्यांना मध्ये चौकोनी खिडकी कापायची आणि एक डोळा मिटून त्यातून बघायचं. ती झाली फ्रेम. पत्रिका डोळ्याजवळ धरली तर मैदान आणि मागचा डोंगर, हात लांब केला तर नुसतं एकाचं नाक. लाँग शॉट आणि क्लोज-अप हे शब्द नंतर सांगितले, आधी नाक बघून वर्ग हसून घेतला. मग मी विचारलं, आत्ता खिडकीच्या बाहेर काय राहिलं ते सांगा. एकालाही पटकन सांगता येईना. आत काय आहे हे सगळ्यांनी बघितलेलं, बाहेर काय ठेवलं ते कुणीच नाही.

इथे वाईचा विषय काढला, कारण साताऱ्यातल्या पोरांना तो लगेच पोचतो. ‘स्वदेस’ हा २००४ चा सिनेमा. त्यातलं चरणपूर गाव उत्तर प्रदेशातलं म्हणून दाखवलंय, आणि शूटिंग झालंय वाईजवळच्या मेणवलीत. नाना फडणवीसांच्या वाड्याखालचा कृष्णेचा घाट दिसतो की त्यात! ‘दबंग’मध्येही वाई उत्तर प्रदेश होते, आणि ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये ती थेट तमिळनाडूत जाते. एक पोरगी म्हणाली, “सर, म्हणजे पाटी बदलली की गाव बदलतं.” मी पुण्याहून आठ स्लाइड करून नेल्या होत्या, त्यांत एवढं नीट सांगणारी एक नव्हती.

‘स्वदेस’मधला पडद्याचा प्रसंग आठवतोय का? गावात सिनेमा दाखवतात. पडद्याच्या एका बाजूला काही जातीची माणसं, दुसऱ्या बाजूला बाकीची. मागून बघणाऱ्याला डावं-उजवं सगळं उलटं. मग वीज जाते आणि मोहन तो पडदाच खाली ओढतो. वर्गात हा प्रसंग दाखवल्यावर मी काहीच बोललो नाही. मावशीनं फक्त विचारलं, “आपल्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा कोण कुठं बसायचं, हे घरी आजीला विचारून या.” पुढच्या शनिवारी काही पोरं उत्तरं घेऊन आली. काही आली नाहीत, आणि त्यांना कुणी का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या शनिवारी कुलेशॉव्ह. हा रशियन दिग्दर्शक, शंभर वर्षांपूर्वीचा. त्याने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्यापुढे एकदा सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. चेहरा तोच, पण लोकांना वाटलं, वा, भूक काय दाखवलीय, दुःख काय दाखवलंय. हे आम्ही जसंच्या तसं केलं. एका पोराला खिडकीजवळ बसवून पाच सेकंद शूट केलं. मग त्याला भाकरी-मेथीचा डबा जोडला, मग लाल शेऱ्यांची उत्तरपत्रिका, मग एक रिकामी कुत्र्याची साखळी. शेजारच्या तुकडीला बोलावून दाखवलं. डब्याला म्हणाले, “भूक लागलीय त्याला.” उत्तरपत्रिकेला, “घरी मार खाणार बेणं.” साखळीला दोन पोरी गप्पच झाल्या. मग तो खिडकीतला हिरो उठून म्हणाला, “सर, मी तर पंख्याकडं बघत होतो.”

आपल्याला वाटतं, फेक म्हणजे खोटं चित्र, एआयनं केलेलं, सहा बोटांचा हात वगैरे. इथे तर प्रत्येक शॉट खरा होता. खोटं फक्त दोन शॉट्सच्या मधल्या जागेत होतं.

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक छोटी फिल्म केली होती, ‘अंकुराची वाढ’. वाटाण्याचं रोप उगवतं ते रोज एकेक फ्रेम घेऊन, महिनाभराहून जास्त काळ. कर्ज देणाऱ्याला दाखवायचं होतं की बाबा, ह्या यंत्रात काय ताकद आहे. १९१३ च्या आधीचं स्टार्ट-अप पिचच म्हणा की. आम्ही वाटाण्याऐवजी हरभरा घेतला. दह्याचा डबा, माती, आणि जुना फोन कपाटाला चिकटपट्टीनं पक्का. रोज मधल्या सुट्टीत मावशी एक फोटो घ्यायची.

तीन आठवड्यांनी जोडून बघितलं, तर रोप छान वर येतंय, येतंय, आणि मध्येच टुणकन उडी मारतंय. मग परत नीट, परत उडी. पोरांनी उड्या मोजल्या. एक जण म्हणाला, “सर, हे रविवारचं झालंय. शाळा नव्हती.” अगदी बरोबर. रविवारचा फोटो नव्हता.

मी त्यांना म्हटलं, झाडाची वाढ आपल्याला माहीत आहे म्हणून गाळलेला दिवस दिसला. माणसाच्या गोष्टीतला रविवार गाळला तर दिसेल का?

आता मी हे सगळं का करत होतो, ते सांगतो. हे मी वर्गात आधी सांगितलं नव्हतं.

२०१८. मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. तुम्हालाही आला असेल तो व्हिडिओ. गल्लीत पोरं खेळतायत, मोटरसायकलवर दोघं येतात, एक पोर उचलतात आणि पसार. वरून घेतलेला, सीसीटीव्हीसारखा, संगीत नाही, काही नाही. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘काळजी घ्या.’ कॉम्प्युटर शिकणारा मुलगा पाठवतोय म्हटल्यावर घरात कोण शंका घेणार? मामांनी तो गावच्या ग्रुपवर टाकला.

तो व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेनं केलेली जाहिरात होती. हरवलेल्या मुलांसाठी काम करणारी संस्था. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि एक फलक दाखवतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो. भारतात फिरला त्यातून हा शेवट कापलेला होता. बाकी एक फ्रेमही बदललेली नव्हती. आणि शेवट कापायला एडिटिंग यावं लागत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवताना वर जी पट्टी येते, तिचं टोक बोटानं आत सरकवलं की झालं. पाठवताना व्हिडिओ दाबला जातो, धूसर होतो, आणि धूसर झाला की जास्त खरा वाटतो. कुठल्या फोननं, कधी काढला ही आतली नोंदही वाटेत गळून पडते.

त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावानं ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी आलीय ही अफवा मोबाईलवर फिरत होती. आठवडी बाजार होता त्या दिवशी. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं ‘फॉरवर्डेड’ हे लेबल आणलं आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

माझा व्हिडिओ धुळ्याला गेला असं मी म्हणत नाही. पण आमच्या शेजारच्या गावात त्या दिवसांत चादरी विकणाऱ्या दोन बायकांना पोरांनी पारावर बसवून ठेवलं होतं. तासभर. आधार कार्ड बघितलं, कुणाला तरी फोन लावला, मग सोडलं. मला हे दिवाळीत कळलं, जेवताना, गमतीची गोष्ट म्हणून. सगळे हसले. मीपण हसलो.

आणि हे २०१८ ला संपलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, चार साधूंना काठ्या-पट्ट्यांनी मारलं. देवदर्शनाला निघालेले, विजापूरहून पंढरपूरकडे. एका मुलाला रस्ता विचारला आणि लोकांना वाटलं, टोळी. त्या मारहाणीचाही व्हिडिओ झाला. तो मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बघितला. तेव्हा मला पारावरच्या त्या बायका आठवल्या.

तर चौथा शनिवार. पोरांना म्हटलं, अर्ध्या मिनिटाची गोष्ट करा, पण अशी की शेवटची दहा सेकंद कापली तर अर्थ उलटा व्हावा. त्यांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. एका पोरानं घोंगडं पांघरलं, खांद्याला पिशवी, डोक्याला मुंडासं. फाटकाबाहेरून तो पाचवीतल्या एका लहान पोराला खुणेनं बोलवतो. पोरगा इकडेतिकडे बघतो आणि जातो. म्हातारा पिशवीत हात घालतो. शेवटी डबा काढून देतो, “इसरला हुतास न्हवं?” म्हणजे तो आजोबा.

कापलेला भाग आठवीच्या वर्गाला दाखवला. हात पिशवीत गेला आणि व्हिडिओ संपला. मागच्या बाकावरून आवाज आला, “धरा त्याला!” सगळा वर्ग बोलायला लागला, कुठलं गाव, कधीचं हे, आमच्या इकडं पण आलेत म्हणे. हे ‘म्हणे’ ऐकून माझ्या पोटात गोळा आला. दोन मिनिटांत गोष्ट तयार. मग पूर्ण व्हिडिओ लावला. थोडे हसले, बरेच हसले नाहीत.

मला वाटलं, झालं, प्रयोग जमला. पोडियमवर उभं राहून बोलतात तसं काहीतरी बोलायच्या तयारीत होतो. तेवढ्यात म्हातारा झालेला तो पोरगा आला. मुंडासं सोडत म्हणाला, “सर, ते कापल्यालं डिलीट करा.”

म्हटलं, का रे? भारी झालंय.

“माझं आजोबा असंच घोंगडं घेऊन मेंढरामागं फिरत्यात. बाहेर गेलं तर?”

मला उत्तर नव्हतं. चार शनिवार मी त्यांना शेवट कापला तर काय होतं ते शिकवत होतो, आणि शेवट कापलेला एक व्हिडिओ माझ्याच फोनमध्ये ठेवून पुण्याला निघालो होतो. ह्या भागासोबत टाकायचा विचारही होता, खरं सांगतो.

मग मी वर्गाला सांगितलं. २०१८ चं, ‘काळजी घ्या’चं, पारावरचं, आणि मी हसलो ते. एका मुलीनं विचारलं, “मग तुम्ही ग्रुपवर नंतर लिहिलं का, की ते खोटं होतं म्हणून?” नाही लिहिलं. तोवर चार महिने झाले होते, वाटलं आता कशाला. “लिहा की मग,” ती म्हणाली. मावशी खिडकीबाहेर बघत होती.

प्रोजेक्टरवर फोनची स्क्रीन तशीच ठेवली आणि चाळीस जणांसमोर तो व्हिडिओ डिलीट केला. घोंगडंवाला जागेवर जाईना.

“सर, ट्रॅशमधनं पण.”

ट्रॅश उघडला, तिथूनही काढला.

“आन् बॅकअप?”