आधी पाहणे, मग शेरा



आपले मूल कसे आहे, असे कोणी विचारले तर आपण चटकन सांगतो: ‘फार हट्टी’, ‘जरा मंद’, ‘अगदी शहाणे’. पण काल संध्याकाळी ते अर्धा तास काय करीत होते, असे विचारले तर आपण गप्प होतो. आपण मुलाकडे पाहत असतो की त्याच्याविषयी निकाल देत असतो, एवढाच प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

चार्ल्स डार्विन हे नाव आपण उत्क्रांतिवादाच्या संदर्भात ऐकतो. १८३९ साली त्याला पहिला मुलगा झाला, तेव्हापासून त्याने त्या बालकाची टिपणे ठेवली आणि १८७७ साली त्यांवरून एक लेख प्रसिद्ध केला. मुलगा सुमारे अडीच वर्षांचा असताना एकदा जेवणघरातून बाहेर आला. डोळे चमकत होते, वागणे काहीसे चमत्कारिक. पाहतात तो त्याने मनाई असलेली साखर खाल्लेली! आपण ‘चोर’ म्हणून मोकळे झालो असतो. डार्विनने आधी डोळे टिपले, वागणे टिपले. या मुलाला कधी शिक्षा झालेली नाही, तेव्हा ही भीती नव्हे. खाण्याचा आनंद आणि मनाची टोचणी यांची ही झटापट असावी, असे अनुमान त्याने मागाहून केले. ‘चोर’ म्हटले असते तर ती टोचणी कोणालाच दिसली नसती.

आता माझीच चूक सांगते. मी बालवाडीत शिकवीत असताना एका मुलाविषयी सहा महिने एकच वाक्य लिहीत होते: ‘गोष्टीकडे लक्ष नसते.’ आमच्या एक वडीलधाऱ्या बाई वही चाळून म्हणाल्या, “अहो, हा शेरा झाला, नोंद नव्हे. आठवडाभर नुसते दिसेल ते लिहा.” मी लिहू लागले. सोमवारी: पुढे बसला होता, माझ्या तोंडाकडे पाहत होता, उत्तर बरोबर दिले. मंगळवारी: मागून दोनदा हाक मारली, वळला नाही. बुधवारी: घंटा झाली, इतर मुले उठलेली पाहून मग उठला. शनिवारी वही वाचली आणि माझी मलाच लाज वाटली. डॉक्टरांनी तपासले, मुलाला कमी ऐकू येत होते. लक्ष नव्हते ते माझे!

असा शेरा आपण एकेका मुलावरच नव्हे, सबंध समाजावरही मारतो. ‘आदिवासींच्या मुलांना शाळा नको असते’ असे म्हणणारे पुष्कळ होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीच्या परिसरात काम करताना त्या मुलांचा दिवस पाहिला. मुले गुरे राखीत होती. तेव्हा शाळाच कुरणावर गेली, आणि ‘कुरणशाळा’ उभी राहिली.

निकाल द्यायचा नाही म्हणजे काहीच करावयाचे नाही, असा याचा अर्थ कृपा करून घेऊ नका. मुलाला ऐकू येत नसेल, बोलणे उशिरा येत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. पण तेथे ‘मंद आहे’ या शब्दापेक्षा तुमची चार ओळींची नोंदच उपयोगी पडेल.

म्हणून आज घरी गेल्यावर एक साधी वही काढा. रोज दहा मिनिटे मुलाजवळ बसा. तारीख घाला; हात काय करीत होते, नजर कुठे होती, कोणते शब्द उच्चारले, तेवढेच लिहा. हट्टी, आळशी, हुशार हे तीन शब्द आठवडाभर वहीत येऊ देऊ नका. ‘हुशार’सुद्धा नको, कारण स्तुतीनेही आपले पाहणे थांबते. आठवड्याने ती वही वाचा. आपल्याच घरातले एक अनोळखी मूल आपल्याला भेटेल.