रहस्यपटातील न्याय



स्मृतिव्याख्यानासाठी मी रहस्यपटासारखा विषय निवडला याचे काहींना नवल वाटेल. परंतु न्यायाचा प्रश्न तेथेही असतो.

खून कोणी केला हे अखेरपर्यंत राखून ठेवावे, ही अगाथा ख्रिस्तींच्या परंपरेची रीत. रायन जॉन्सन यांनी २०१९ साली ‘नाइव्ज आउट’ या चित्रपटात तीच जुनी मांडणी घेतली : भव्य वाडा, धनाढ्य वृद्ध लेखकाचा मृत्यू, वारशावर डोळा ठेवून बसलेले कुटुंबीय आणि चतुर गुप्तहेर. मात्र शुश्रूषा करणाऱ्या मार्ताच्या हातून औषधांची अदलाबदल झाली, असे ते पूर्वार्धातच दाखवतात. मग ‘कोणी केले?’ हे कोडे मागे पडते आणि ‘हिचे काय होणार?’ ही चिंता मनाला ग्रासते. कोडे बुद्धीला खेळवते. चिंता आपल्याला एका माणसाची बाजू घ्यावयास लावते.

मार्ताच्या आईजवळ अमेरिकेतील वास्तव्याची कागदपत्रे नाहीत. मार्ताला घरचीच म्हणणारी माणसे, संपत्ती तिच्या नावे होताच, याच गोष्टीचा धाक घालतात. खुनाचा उलगडा शेवटी होतोच. परंतु त्याआधी त्या घराची सभ्यता उघडी पडते. रहस्यपटाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा, एवढीच माझी विनंती आहे.