मांडवीची जुनी मशीद

मुंबईत मांडवीच्या मशीद बंदर भागात, सॅम्युएल स्ट्रीटवर, बेने इस्रायल या ज्यू समाजाचे ‘शाअर हारहमीम’ म्हणजे ‘दयेचे द्वार’ हे प्रार्थनालय आहे. १७९६ साली स्थापन झालेले हे मुंबईतील सर्वांत जुने सिनेगॉग. बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनालयाला मशीदच म्हणत आणि या वास्तूला जुनी मशीद. शेजारच्या रेल्वे स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले, असे सांगितले जाते.

हा समाज मूळचा कोकणातला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. पुढे ही मंडळी कुलाबा जिल्ह्यात गावोगाव पांगली, मराठी बोलू लागली आणि दिवेकर, पेणकर, राजपूरकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावे लावू लागली. तेलाचा घाणा हा मुख्य धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून आसपासचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. धर्मग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू विसरली गेली होती. तरीही शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शमा’ या प्रार्थनेचे शब्द त्यांनी पिढ्यानपिढ्या जपले. सणही होते, पण मराठी नावांचे: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण. सिनेगॉग मात्र नव्हते. धर्मकृत्ये घरीच होत.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून काही कुटुंबे मुंबईला आली. कोणी इमारतीच्या कामावर सुतार-गवंडी झाले, कोणी कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाले. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर हे अशाच पलटणीतले अधिकारी. समाजात ते सामाजी हसाजी दिवेकर या नावाने ओळखले जात. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते बनी इस्रायल हेच, असे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला, अशी हकिकत समाजात सांगितली जाते. सुटका झाल्यास प्रार्थनालय बांधीन, असा नवस त्यांनी केला होता. मुंबईत परतल्यावर ही जुनी मशीद बांधून त्यांनी तो फेडला. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि १७९७मध्ये तिथेच वारले.

कोचीनशी जुळलेला हा धागा पुढे फार मोलाचा ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून शिक्षक आणि प्रार्थना चालवणारे हजान आले. त्यांपैकी शलोमो शुर्राबी यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांच्यामुळे सफर्दी पद्धतीची उपासना रूढ झाली. हिब्रूची ओळख मराठीच्या आधारे होऊ लागली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. आपला धर्म आपल्याच भाषेत समजून घेण्याची ही धडपड या समाजाच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी पर्व आहे.

जुन्या मशिदीची इमारत १८६०मध्ये नव्याने बांधण्यात आली. आत मधोमध कठडा असलेला चौथरा असतो, त्याला तेबा म्हणतात. हजान तिथून प्रार्थना चालवतो. हाताने लिहिलेल्या चर्मपत्राच्या गुंडाळ्या हेखाल नावाच्या कपाटात, पडद्याआड ठेवतात. हेखाल पश्चिमेच्या भिंतीला, कारण मुंबईहून जेरुसलेम त्याच दिशेला आहे. एलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या नावाची खुर्ची सुंतेच्या विधीसाठी राखलेली असते.

प्रार्थना हे सिनेगॉगचे एकच काम नव्हते. समाजाचा प्रमुख मुकादम. त्याच्यासमोर भांडणे मिटत, लग्ने ठरत, गोरगरिबांची सोय होई. आजूबाजूला इस्रायल मोहल्ला वसला. मतभेदही याच अंगणात झाले. फूट पडून १८४०च्या सुमारास काही मंडळी वेगळी झाली आणि जवळच ‘शाअरे रासोन’ ही नवी मशीद उभी राहिली. १८८०च्या सुमारास समाजात कीर्तनाचा प्रघात पडला: पद्धत मराठी कीर्तनाची आणि आख्याने मोशे, योसेफ यांची. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५मध्ये इस्रायली शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. समाजाचा पहिला मोठा इतिहासही किहीमकरांनीच लिहिला.

नवस, लग्न, बारसे, नवे घर अशा प्रसंगी मलिदा होतो. पोहे भिजवून त्यांत गूळ, ओले खोबरे आणि सुका मेवा कालवतात. ताटात ढीग रचून भोवती फळे मांडतात आणि एलियाहू हन्नाबीचे स्तवन झाल्यावर प्रसाद वाटतात. जगातील इतर ज्यूंना हा विधी ठाऊक नाही. त्याचे बहुतेक साहित्य कोकणच्या परसातले आहे.

विसाव्या शतकात वस्ती उत्तरेकडे सरकली. भायखळा, जेकब सर्कल, कुर्ला आणि ठाणे इथे समाजाची घरे वाढली, तिथेही प्रार्थनालये होती. १९४८मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर स्थलांतर सुरू झाले. तिथे गेलेल्यांना सुखाचे दिवस लगेच आले नाहीत. विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्यावरच तेथील धर्मपीठाने शंका घेतली. त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केले आणि १९६४मध्ये त्यांना पूर्ण समान ज्यू म्हणून मान्यता मिळाली. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज भारतात चार-पाच हजारांवर आला आहे. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक मात्र इस्रायलमधून निघत राहिले.

महाराष्ट्र शासनाने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. मांडवी परिसर आता घाऊक व्यापाराचा झाला असून समाजाची कुटुंबे तिथे फारशी उरलेली नाहीत. तरीही जुनी मशीद आपल्या जागी आहे. मुंबईच्या इतिहासाच्या मराठी पुस्तकांत तिला एखाद्या ओळीची नव्हे, एका प्रकरणाची जागा मिळायला हवी.