भाव ठरताना कोयत्यालाही विचारा



सुरतेजवळच्या कामरेजमध्ये उभं राहून मी मराठीत बोलतो आहे, कारण आज पदवी घेणाऱ्यांच्या समोरच्या रांगांत धुळे, नंदुरबार, जळगावहून सुरतेला आलेल्या घरांतली बरीच मुलं आहेत. उधना-लिंबायतात वाढलेली, घरात अहिराणी बोलणारी. त्यांच्या शेजारी याच तालुक्यातल्या ऊस-बागायतदारांची मुलं बसली आहेत. सुरतेच्या कानाला मराठी परकी नाही, तेव्हा त्यांनाही माझं बोलणं कळेल. मला तुम्हा दोघांशी एकत्रच बोलायचं आहे, कारण विषय दोघांच्या घरचा आहे.

तापीवर आधी काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाईचं धरण पुरं झालं. कालव्याचं पाणी रानात फिरलं आणि जिथे ज्वारी-कापूस होता तिथे ऊस आला. बारडोली, मढी, चलथाण, सायण, महुवा आणि आपल्या कामरेज विभागाचा, असे सहकारी कारखाने या पट्ट्यात उभे राहिले. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो मार्ग दाखवला, त्याच कुळातलं हे काम. ऊस शेतकऱ्याचा, कारखानाही शेतकऱ्याचा. दक्षिण गुजरातचा ऊसदर महाराष्ट्रातल्या शेतकरी आंदोलनांत वर्षानुवर्षं दाखला म्हणून दिला जातो. ज्या घरांनी १९२८ मध्ये बारडोलीत सारावाढीविरुद्ध जमिनीची जप्ती सोसली, त्यांच्या नातवंडांनी हे कमावलं. मला त्याचा मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच पुढचं बोलतो आहे.

हा ऊस तोडतं कोण? दिवाळी झाली की धुळे-नंदुरबारमधल्या नवापूर, साक्रीहून आणि डांग, सोनगडकडून मुकादमाच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, तिच्यावर घर चाललेलं असतं, आणि ती फिटेपर्यंत मुक्काम पडावातल्या कोपीत. ऊस एकदा तोडला की त्याचं वजन आणि साखर दोन्ही उतरू लागतात, म्हणून तो लगोलग गाळपाला जावा लागतो. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला मोळ्या वाहायच्या. बाळ फडाच्या बांधावर झोपवायचं. पोरं मोठी असतील तर शाळा सुटते. गावची शाळा दिवाळीनंतर ओस आणि इथल्या शाळेत नाव नाही.

यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच बारडोलीच्या ऊसतोडीवर लिहिलं होतं. त्यांना एक गोष्ट खटकली होती. इथले भूमिहीन हळपती कामाविना बसलेले असताना कारखाने खानदेशातून माणसं का आणतात? उत्तर त्यांनी शोधलं. परमुलखातला, उचलीने बांधलेला माणूस कुठल्याही वेळी हाकेला हजर असतो. त्याला नाही म्हणता येत नाही. तेव्हाची ती मांडणी आजही मला डोळ्यांआड करता येत नाही.

आता आकडे बघा. गुजरातमध्ये ऊसतोडीचं किमान वेतन बरीच वर्षं टनाला २३८ रुपये होतं. मजूर संघटनांनी पाठपुरावा केला, आणि २०२३ मध्ये सरकारने ते दुप्पट, ४७६ रुपये केल्याचं जाहीर केलं. दिवसभर राबून एक जोडी साधारण टनभर ऊस तोडते. म्हणजे दुप्पट झाल्यावर माणशी २३८, आणि त्याआधी माणशी ११९. शेतकऱ्यासाठी १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. चौदा दिवसांत पैसे नाहीत तर व्याज मागता येतं. कोयत्याचा हिशेब मात्र हंगाम संपल्यावर, उचल आणि तिच्यावरचं व्याज वजा जाता होतो.

याच जिल्ह्यात दुसरा नमुनाही आहे. सुमूल डेअरी १९५१ पासून चालते. तिच्या गावच्या दूध मंडळीत सभासद व्हायला जमीन लागत नाही, एक म्हैस पुरते. व्यारा-सोनगडची आदिवासी बाई सकाळ-संध्याकाळ दूध घालते, फॅटप्रमाणे भाव लागतो, नोंद तिच्या समोर होते. साखरेच्या सहकारात सभासदत्व उसाशी, म्हणजे जमिनीशी बांधलेलं आहे. ज्याच्याकडे फक्त हात आहेत त्याला तिथे दार नाही. त्या हातांशिवाय मात्र एक टनही गाळला जात नाही. माझ्या मते सहकाराने ठेवलेली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती तुमच्या पिढीत भरून निघावी.

हीच माणसं गावी शेतकरी आहेत, हे आपण विसरतो. डांगात नागली आणि वरई पिकते. २०२१ मध्ये गुजरातने डांग हा नैसर्गिक शेतीचा जिल्हा जाहीर केला. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. सुरतेच्या घराघरांत रोज तुरीची डाळ शिजते, आणि नवापूर इथून शे-सव्वाशे किलोमीटरवर आहे. मधल्या दलालांच्या साखळीत भाव झिजतो, साठवायला गोदाम नसतं, म्हणून सुगीलाच पडेल भावात माल विकावा लागतो. विकून आलेले पैसे दिवाळीपर्यंत पुरत नाहीत. मग मुकादम येतो. सुरतेसारख्या शहराने आपली डाळ, नागली, भाजी या डोंगराळ पट्ट्यातून रास्त भावात घ्यायची ठरवली, तर कित्येक कोयते घरीच राहतील, आणि जे येतील ते आपल्या मर्जीने येतील. जवळचं अन्न खा, असा आग्रह हल्ली सगळीकडे धरला जातो. त्यात जवळची मजुरीही मोजली पाहिजे.

तुमच्यातले कुणी वसतिगृहाच्या भोजनालयाची, हॉटेलाची, कापड कारखान्याच्या कॅन्टीनची खरेदी सांभाळाल. एखाद्या गावच्या शेतकरी गटाशी वर्षाचा करार करा आणि उचलीऐवजी पेरणीच्या वेळी आगाऊ रक्कम द्या. वाणिज्य शिकलेल्यांनो, कोयत्याच्या हाती दर आठवड्याला वजनाची पावती जाईल आणि पैसे मुकादमाच्या नव्हे, तिच्या आणि त्याच्या वेगवेगळ्या खात्यांत पडतील अशी व्यवस्था बसवा. काम अवघड नाही. बी.एड. झालेल्यांनो, पडावावर हंगामी वर्ग हवे आहेत, मराठीतले, गुजरातीतले, डांगीतले.

आणि ज्यांचे वडील कारखान्याचे सभासद आहेत त्यांना एक विनंती. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला वडिलांबरोबर जा. उसाच्या भावाचा विषय निघाला की तोडणीचा दर काय, तो कोणाच्या हाती पडला, किती पोरं शाळेत बसली, ते वडिलांना उठून विचारायला सांगा. तोडणी कामगारांना सभासदत्वाचा वेगळा वर्ग द्यावा असा ठराव लिहून त्यांच्या हाती द्या. आज तुमच्या शेजारी बसलेल्या मित्राच्या घरच्यांना तिथे अनुमोदनाचाही हक्क नसेल, म्हणून तो ठराव मांडण्याआधी त्याच्याबरोबर बसून लिहा.