इंजेक्शननंतरच्या दोन रात्री
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ रहिवाशांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संचालक मंडळाने मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी बचत, वारसनोंद, मृत्युपत्र असं काहीतरी सांगेन. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाकडून तीच अपेक्षा असणार. पण पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा संध्याकाळी पार्किंगमध्ये गप्पा व्हायच्या त्या मुलांच्या दहावी-बारावीच्या. आता होतात त्या गुडघ्यांच्या. कोणी इंजेक्शन घेतलं, कोणाला गुण आला, कोणाचं उलट वाढलं. त्या ‘उलट वाढलं’विषयीच आज बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. पण घरात हा अनुभव आहे, आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजलं ते सांगतो.

आमच्या सौ.चा उजवा गुडघा झिजलेला. गोळ्या, व्यायाम झाल्यावर डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. सकाळी अकराला इंजेक्शन, आणि बाराला बाई टुणटुणीत! दोन मजले न थांबता चढल्या. दुपारी धुणं, संध्याकाळी स्वयंपाक, वर शेजारी हळदीकुंकवाला जाऊन आल्या. रात्री दीड वाजता मला हलवून उठवलं. “अहो, ह्यानं तर जास्तच दुखायलंय. पाय टेकवंना.”

हे का झालं, ते आधीच माहीत असलं तर रात्र निम्मी सोपी जाते. त्या सुईत बहुधा दोन औषधं असतात. एक बधिर करणारं. दात काढताना देतात त्याच जातीचं. त्याचा असर काही तासांचा. सकाळचा टुणटुणीतपणा त्याचा होता, स्टेरॉइडचा नव्हता. दुसरं औषध म्हणजे स्टेरॉइड. ते दुधासारखं पांढरट दिसतं, बाटली हलवून घ्यावी लागते, कारण त्यात अतिबारीक स्फटिक असतात. ते सांध्यात हळूहळू विरघळावेत म्हणून तसं बनवलेलं असतं. आमच्या भाषेत मुदत ठेव. पण काही जणांच्या सांध्याचं आतलं अस्तर त्या स्फटिकांवरच चवताळतं. वातरक्तात, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा सुजतो त्यात, जे स्फटिक करतात तसंच काहीसं. मग सूज, ठणका. याला डॉक्टर ‘फ्लेअर’ म्हणतात. शंभरातल्या साधारण दोन ते दहा जणांना तो येतो. काही तासांत सुरू होतो, पहिल्या-दुसऱ्या दिवशी जोरात असतो आणि बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. औषधाचा खरा गुण दिसायला कधी दोन-तीन दिवस, कधी आठवडाही लागतो. म्हणून त्या रात्री ‘पैसे पाण्यात गेले’ असा निकाल लावण्यात अर्थ नाही.

हे औषध माझ्याच वयाचं आहे, हे वाचून मला गंमत वाटली. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली डॉ. हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्ण बाईंना कॉर्टिझोन दिलं, १९५० मध्ये त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं, आणि १९५१ मध्ये डॉ. हॉलंडर यांनी त्याच कुळातलं औषध थेट सांध्यात टोचल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. माझा जन्म १९५१ चा. म्हणजे हा काल आलेला प्रकार नाही, आणि त्याचे गुणदोष बऱ्यापैकी तपासलेले आहेत.

तर त्या रात्री काय करायचं? बर्फ. रुमालात किंवा पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, मग काढायचा, दोन-तीन तासांनी पुन्हा. नुसता बर्फ कातडीवर ठेवायचा नाही. आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा इंजेक्शनच्या आदल्या दिवशीच बर्फ लावून ठेवा. आपल्या घरोघरी पहिला हात जातो तो गरम पाण्याच्या पिशवीकडे आणि तेलाच्या वाटीकडे. पहिले दोन-तीन दिवस शेकणं नको, चोळणं तर नकोच. सांध्याला एक-दोन दिवस आराम, पण पलंगाला खिळून राहायचं नाही. संडास-बाथरूमपुरतं काठी घेऊन चालावं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात. मेडिकलमधून ‘जरा जोराची द्या हो’ म्हणून आणलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी मात्र आपल्या वयात सांभाळून. ज्यांना बीपी आहे, किडनीचा त्रास आहे, पोटात अल्सर होता किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांनी विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

मधुमेहींनी पुढचं नीट ऐका. या सभागृहात निम्मे तरी तेच आहेत. औषध सांध्यात टोचलं तरी थोडं रक्तात उतरतं आणि साखर चढते. सौ.ची उपाशीपोटीची साखर एरवी १३० च्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी २४८. पाचव्या दिवशी पूर्ववत. बहुतेकांचं आठवड्याच्या आत खाली येतं. तेवढे दिवस घरच्या यंत्रावर रोज तपासा, लिहून ठेवा, आणि आकडा फार वर गेला तर फोन करा. इन्सुलिनचा डोस आपल्या मनाने वाढवू नका. चेहरा एक-दोन दिवस लालसर, गरम वाटतो काहींना. तो आपोआप जातो.

इथपर्यंत घाबरण्यासारखं काही नाही. पण मी हा विषय घेतला तो पुढच्या गोष्टीसाठी.

माझे एक जुने सहकारी, केज तालुक्यातले, निवृत्तीनंतर गावी राहतात. त्यांनाही गुडघ्यात इंजेक्शन दिलं. पहिल्या दिवशी थोडं दुखलं, मग बरं वाटलं. पाचव्या दिवशी गुडघा सुजला, लाल झाला, थंडी वाजून ताप आला. त्यांनी कुठेतरी ऐकलेलं होतं की इंजेक्शननंतर दुखतंच. म्हणून दोन दिवस काढले, गावातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून घेतल्या. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला होता. पू काढायला ऑपरेशन करावं लागलं, कित्येक दिवस दवाखान्यात गेले. जीव वाचला. गुडघा आजही पुरता वाकत नाही. पंगतीला ते खुर्चीवर बसतात.

असा संसर्ग फार क्वचित होतो, हजारोंत एखाद्याला. पण झाला तर काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो, आणि मधुमेहींना, म्हाताऱ्यांना धोका जास्त. म्हणून दुखण्याची दिशा बघायची. फ्लेअर लवकर येतो आणि उतरत जातो. संसर्गाचं दुखणं चढत जातं, किंवा चार-आठ दिवसांनी नव्याने उपटतं. ताप, हुडहुडी, सांधा लालबुंद आणि गरम, जराही हलवता न येणं, तिसऱ्या दिवसानंतरही वाढता ठणका: यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळची वाट नको, मुलगा पुण्याहून येईपर्यंतची वाट नको. मनाने अँटिबायोटिकही नको, कारण डॉक्टरांना सांध्यातलं पाणी काढून तपासायचं असतं आणि अर्धवट गोळ्यांनी जंतू सापडत नाहीत. आपण अंबाजोगाईत राहतो. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गावात आहे. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. रात्री-अपरात्री वेळ आली तर तिथे जायलाही मागेपुढे पाहू नये.

माझी बँकेतली एक खोड इथे कामाला आली. सौ.च्या गुडघ्याचं मी पासबुक केलंय. तारीख, कोणता सांधा, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती दिवस दुखलं, साखर किती चढली. पुढच्या वेळी ते डॉक्टरांसमोर ठेवलं. फ्लेअर येऊन गेल्याचं पाहून त्यांनी औषधाचा प्रकार बदलला. आणखी एक: इंजेक्शन शक्यतो सोमवार-मंगळवारी सकाळी घ्या. शनिवारी संध्याकाळी घेतलं की दुखणार रविवारी, आणि रविवारी डॉक्टर भेटणार कुठे?

कितीदा घ्यावं, हेही विचारतात. एकाच सांध्यात दोन इंजेक्शनांमध्ये निदान तीन महिने अंतर ठेवतात. पण ‘दर तीन महिन्यांनी घ्यायचंच’ असा त्याचा अर्थ नाही. २०१७ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झिजलेल्या गुडघ्यांचे १४० रुग्ण. निम्म्यांना दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड, निम्म्यांना नुसतं सलाइन, असं दोन वर्षं. शेवटी दुखण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, पण स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली होती. माझ्या मते हे इंजेक्शन म्हणजे ओव्हरड्राफ्ट. अडचणीला उत्तम, पण त्यावर संसार चालवायचा नसतो. दुखणं कमी झालेल्या त्या काही आठवड्यांत मांडीचे व्यायाम केले, वजन थोडं उतरवलं, तर ते वसूल होतं.

आणि गावोगावी अंगदुखीवर कंबरेत टोचतात ते किंवा पुड्या बांधून देतात ते, यांची गोष्ट वेगळी. पुडीत काय आहे हे देणारा सांगत नसेल तर घेऊ नका, एवढंच.

व्याख्यानानंतर एका वहिनींनी विचारलं, “शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आपल्या गावात येते तेव्हा दोन मैल तरी चालायचंय, आदल्या दिवशी इंजेक्शन घेतलं तर चालेल का?” नाही, वहिनी. घ्यायचंच ठरलं तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन आठवडे आधी घ्या, म्हणजे ठणका, साखर सगळं मागे पडलेलं असेल. आणि दोन मैल नाही झाले तर आपल्या फाटकापर्यंत या. खुर्च्या मी मांडून ठेवतो.